स्पोर्ट्स कारचा सालाबादचा खर्च

मोटारींच्या जुन्या बाजारात एक मोह मोठा विलक्षण असतो. दहाबारा वर्षांपूर्वी जिच्याकडे रस्त्याच्या कडेला थांबून नुसते पाहत राहावे अशी ऐपतीबाहेरची जर्मन स्पोर्ट्स कार आज मूळ किमतीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाला, म्हणजे एखाद्या नव्याकोऱ्या प्रशस्त एसयूव्हीच्या भावात, मुंबई-पुण्यातल्या दलालाच्या अंगणात उभी दिसते. रंग उत्तम, कातडी आसने शाबूत, फिरलेले किलोमीटर अल्प. आणि तेवढी रक्कम बाळगून असलेल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या गृहस्थाला वाटते की तारुण्यातली एक राहून गेलेली इच्छा आता आवाक्यात आली. इच्छा आवाक्यात आली हे खरे. तिची बरदास्त आवाक्यात आली की नाही, हा प्रश्न मात्र सौद्याच्या वेळी कोणी विचारीत नाही, विक्रेता तर मुळीच नाही. तो प्रश्न येथे विचारावयाचा आहे, आणि तोही अपघाताचा किंवा मोठ्या बिघाडाचा नव्हे, तर सर्व काही सुरळीत असताना दर साल जो खर्च दारात उभा राहतो त्याच्यापुरता.

सर्वप्रथम मनाशी पक्के करावयाचे ते हे की वाहनाची बाजारातील किंमत वयाबरोबर उतरते, त्याच्या देखभालीचा खर्च उतरत नाही. २ कोटींची गाडी ५० लाखांना मिळाली म्हणून तिचे ब्रेक ५० लाखांच्या गाडीचे होत नाहीत. ते २ कोटींच्या गाडीचेच राहतात, आणि आयातशुल्क, विनिमयाचा दर व मजुरी यांच्या वाढीबरोबर साल दरसाल महागच होत जातात. भाऊबंदकीच्या तंट्यामुळे स्वस्तात पदरात पडलेल्या चौसोपी वाड्यासारखा हा प्रकार आहे: खरेदीखत किती रकमेचे झाले याची पावसाला दखल नसते, आणि मृगापूर्वीची शाकारणी छपराच्या क्षेत्रफळाप्रमाणेच करावी लागते. तेव्हा पुढील सर्व हिशेबाला पाया म्हणून आपण मोजलेली रक्कम धरू नये; त्याच जातीची नवी गाडी आज ज्या भावाला पडते तो भाव धरावा.

उदाहरणादाखल मी पोर्शे ९११ ही गाडी घेतो. १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली आणि तेव्हापासून पिढ्यांमागून पिढ्या बदलूनही तिची मूळ ठेवण कायम राहिली: सहा सिलिंडरांचे, तीन इकडे व तीन तिकडे असे आडवे निजलेले इंजिन, आणि तेही मागच्या आसाच्या पाठीमागे. या एका रचनेतून तिची सारी कीर्ती निघाली, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे मजुरीची पुष्कळशी बिलेही निघाली. अन्य कंपन्यांच्या गाड्यांत तपशील बदलेल. हिशेबाची रीत तीच राहील.

नियमित देखभालीचे वेळापत्रक दोन मापांनी बांधलेले असते, एक अंतराचे व दुसरे मुदतीचे, आणि त्यांतले जे आधी भरेल ते लागू, असा कंपनीचा दंडक असतो. इथेच आपल्याकडील बहुतेक मालकांची फसगत होते. आपली स्पोर्ट्स कार रविवारी पहाटे लोणावळ्यापर्यंत जाऊन येते आणि उरलेला आठवडा आच्छादन पांघरून तळघरात उभी असते. वर्षाकाठी तीन-चार हजार किलोमीटरही भरत नाहीत. आणि मालक समजतो की गाडी वापरलीच नाही तर खर्च कशाचा. परंतु तेलात ओलावा शिरावयाला, रबर कडक व्हावयाला आणि बॅटरी उतरावयाला गाडीने धावण्याची गरज नसते. सर्वसाधारण क्रम असा: इंजिन ऑईल व त्याचा फिल्टर दर वर्षी, ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी, स्पार्क प्लग चार वर्षांनी, इंजिनावरचा ड्राइव्ह बेल्ट सहा वर्षांच्या सुमारास, पीडीके हा स्वयंचलित गिअरबॉक्स असेल तर त्याच्या क्लचचे तेल मॉडेलानुसार साठ ते नव्वद हजार किलोमीटरांच्या दरम्यान. नेमके आकडे आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावेत. गाडीबरोबर पुस्तिका आलीच नसेल, तर ती गोष्टही मागील मालकाविषयी काही सांगून जाते.

तेलापासून आरंभ करू. साध्या छोट्या गाडीला तीन-साडेतीन लिटर तेल पुरते. ९११ च्या पोटात पिढीप्रमाणे सात ते नऊ लिटर जाते, कारण तिथे तेलाला वंगणाबरोबर इंजिन थंड ठेवण्याचेही बरेच काम करावे लागते. कंपनीच्या मान्यतेचे, पूर्णतः सिंथेटिक, ०डब्ल्यू-४० जातीचे तेल लिटरला हजार-बाराशे रुपयांच्या घरात पडते, म्हणजे निव्वळ तेलाचेच आठ-दहा हजार झाले. त्यावर फिल्टर, तांब्याची वॉशर, मजुरी आणि कर. अधिकृत केंद्रातील वार्षिक सर्व्हिसिंगचे बिल याच्या कित्येक पट होते ते एकट्या तेलामुळे नव्हे. तपासणीची एक लांबलचक यादी तेलाबरोबर बांधलेली असते आणि तिच्यातील प्रत्येक कलमाला मजुरीचे तास लावलेले असतात. म्हणून बिल हाती आल्यावर एकूण रकमेकडे न पाहता कलमवार वाचावे, हा माझा आग्रह आहे. किरकोळ साहित्याच्या, साफसफाईच्या आणि न मागितलेल्या ‘ट्रीटमेंट’च्या रकमा तिथेच लपलेल्या सापडतात, आणि विचारणा केल्यास त्यांतल्या पुष्कळशा विनातक्रार वगळल्याही जातात.

तेल बदलताना होणारे एक काम मात्र फुकट असूनही अनमोल आहे. पुण्यातल्या एका खाजगी गॅरेजात ते जवळून पाहण्याचा योग आला होता. १९९७ ते २००५ च्या दरम्यानच्या, ९९६ या अंतर्गत क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या पिढीची ती गाडी होती. वयस्क मेकॅनिकने प्लास्टिकच्या डबीतून कागदी फिल्टर बाहेर काढला, तेल निथळू दिले, त्याच्या घड्या एकेक करून उलगडल्या, आणि दिव्याखाली धरून त्यांवरून लोहचुंबक फिरवला. चार काळे कण निघाले. ते त्याने नखाने दाबून पाहिले. ‘हे प्लास्टिक आहे साहेब, साखळीच्या पट्टीचं. इतकं निघतंच. चुंबकाला काही चिकटलं असतं तर मी गाडी आज सोडली नसती.’ त्या पिढीच्या इंजिनात मधल्या शाफ्टचे एक बेअरिंग असते, ज्याला जगभरचे जाणकार आयएमएस म्हणतात. ते निकामी झाले तर पाठोपाठ इंजिनच निकामी होते, आणि त्याच्या झिजेची पहिली वर्दी या कागदाच्या घड्यांत लोखंडी चकाकीच्या रूपाने मिळते. २००९ च्या मॉडेलापासून नव्या इंजिनात हा शाफ्टच नाही. त्याआधीची गाडी असेल तर प्रत्येक वेळी जुना फिल्टर आपल्यासमोर उलगडावयास सांगावा. आणि क्लच बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरणार असेल, तेव्हाच हे बेअरिंग व पाठीमागचे ऑईल सील यांची तजवीज करून घ्यावी, कारण त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट तीच आहे आणि गिअरबॉक्स दोनदा उतरवण्याची मजुरी दोनदाच द्यावी लागते. २००६ नंतरच्या काही इंजिनांत मात्र हे बेअरिंग इंजिन पूर्ण उघडल्यावाचून हाती लागत नाही. तिथे फिल्टरची तपासणी हाच एक पहारा.

ब्रेक ऑईलविषयी आपल्याकडे जी बेफिकिरी दिसते तिला मात्र क्षमा नाही. हे द्रव्य हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ जातीचे कोरे द्रव्य किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की हीच मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. मुंबईची दमट हवा आणि घाट उतरताना तापलेले ब्रेक या दोहोंचा संयोग झाला म्हणजे पाय शेवटपर्यंत जातो आणि गाडी थांबत नाही. दोन वर्षांतून एकदा होणारा हा खर्च संपूर्ण यादीतील सर्वांत अल्प खर्चांपैकी आहे.

पॅड व डिस्क यांचे गणित वेगळे. पॅड झिजून दिवा लागेपर्यंत थांबलो तर झिजेची सूचना देणाऱ्या सेन्सरची तारही त्याबरोबर कापली जाते व तीही नवी घ्यावी लागते. दिवा लागण्याआधी पॅड बदलले तर तेवढी तोशीस वाचते. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. मोजमाप आपल्यादेखत घ्यावयास सांगावे, ‘साहेब, डिस्क गेली’ या तोंडी निकालावर बिल मंजूर करू नये. आणि जुनी गाडी पाहताना चाकातून पिवळ्या रंगाचे कॅलिपर डोकावत असतील तर क्षणभर थबकावे. पोर्शेच्या संकेताप्रमाणे पिवळा रंग हा सिरॅमिक ब्रेकचा. शहरी वापरात ते लोखंडी डिस्कपेक्षा पुष्कळ अधिक टिकतात, आणि त्यांची झीज जाडीने नव्हे, मुख्यतः वजनाने ठरवतात. परंतु चाक काढता-बसवताना एखाद्या अननुभवी हाताने कड टवकली, तर चारही डिस्कचा मिळून येणारा आकडा एका मध्यम मोटारीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. माझे मत असे की मुंबईत आणि पुण्यात फिरवावयाच्या गाडीला हे ब्रेक घेणे म्हणजे निष्कारण जोखीम विकत घेणे होय. लाल किंवा काळ्या कॅलिपरची गाडी मिळत असेल तर ती पसंत करावी.

सालाबादच्या खर्चातील सर्वांत मोठा वाटा बहुधा टायरांचा असतो, आणि तो एकदम येतो म्हणून अधिक जाणवतो. साध्या गाडीचे पुढचे टायर मागे व मागचे पुढे करून सर्वांची झीज सारखी राखता येते. ९११ ला ही सोय नाही, कारण पुढची व मागची चाके मुळातच निरनिराळ्या आकाराची: सध्याच्या पिढीच्या कॅरेरा एसला पुढे वीस इंची व मागे एकवीस इंची चाके, आणि मागच्या टायरची रुंदी ३०५ मिलिमीटर. इंजिनाचे वजन व चालना दोन्ही मागच्या चाकांवर, त्यामुळे मागची जोडी पुढच्या जोडीच्या कितीतरी आधी संपते. त्यातही चाकांचा कल आतल्या बाजूस असल्याने झीज आतल्या कडेला अधिक होते, आणि उभ्याने पाहणाऱ्याला टायर नवाच वाटतो. गाडी लिफ्टवर चढली की आतील कडेवरून हात फिरवावा. कंपनीने तपासून मान्य केलेल्या टायरांच्या कडेला ‘एन’ हे अक्षर व पुढे एक अंक असतो. ते मान्यतेचे टायर काहीसे महाग पडतात आणि आपल्या बाजारात पुष्कळदा मागणी नोंदवून थांबावे लागते. वीस इंची रुंद टायर प्रत्येकी ४० हजार रुपयांच्या आसपास व त्यापुढे पडतो, असे धरून चालावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, एवढाच काय तो अलीकडचा दिलासा.

टायरचे वयही वाचावयास शिकावे. कडेवरील चार अंकांत पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असलेला, पण सहा वर्षे उलटून गेलेला टायर हा कमी फिरलेल्या गाडीचा खास आजार आहे, आणि विक्रेते त्याला ‘टायर ९० टक्के आहेत’ असे म्हणतात. आणखी एक लहानशी गोष्ट: या गाड्यांत बहुधा सुटे चाक नसते, त्याऐवजी फेसाची बाटली व छोटा पंप दिलेला असतो. काही वरच्या मॉडेलांची चाके मधोमध एकाच मोठ्या नटाने बसवलेली असतात, आणि तो नट ६०० न्यूटन-मीटर इतक्या जोराने आवळावा लागतो. महामार्गावरच्या पंक्चरवाल्याकडे तेवढा पाना नसतो, व त्याने आपल्या पान्याने प्रयत्न करू नये हेच इष्ट. तेव्हा रिकव्हरी गाडीची, तीही सपाट फलाटाची, सोय विम्यात किंवा अन्यत्र असल्याची खात्री लांबच्या प्रवासाआधी करावी.

इंजिनाच्या जागेचा परिणाम प्लग बदलताना कळतो. सहा प्लग ही काही मोठी खरेदी नव्हे. पण ते इंजिनाच्या दोन्ही बगलांत, खाली, चाकांच्या आड असतात, आणि काही मॉडेलांत त्यांच्यापर्यंत हात पोहोचण्यासाठी मागचा बंपर व सायलेन्सरचे भाग उतरवावे लागतात. सामान थोडे व मजुरी फार, असे हे बिल असते. म्हणून प्लग बदलताना इग्निशन कॉइलींची अवस्था त्याच बैठकीत पाहून घ्यावी. जुन्या पिढ्यांत त्या उष्णतेने तडकतात, आणि कोकणात पाऊस सुरू झाला की त्या तड्यांतून ओल शिरून इंजिन अडखळू लागते. उन्हाळ्यात निमूट चालणारी गाडी जुलैत रुसली तर इंजिन उघडण्याआधी कॉइली पाहा, असे सांगणारा मेकॅनिक भेटला तर त्याला सोडू नये.

पाऊस आपल्या प्रांतात या गाड्यांचा खरा परीक्षक आहे, आणि त्याच्यापायी होणारा बराचसा खर्च केवळ निगराणीने टळणारा आहे. इंजिन मागे असले तरी पाण्याने थंड होणाऱ्या ९११ चे रेडिएटर व वातानुकूलनाचे कंडेन्सर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात. तिथल्या जाळ्यांतून गुलमोहराच्या पाकळ्या, पर्जन्यवृक्षाची बारीक पाने, रस्त्यावरचा कचरा आत जातो, पावसात भिजून त्याचा लगदा होतो, आणि तो ओला थर अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला महिनोन्महिने चिकटून त्याला कुरतडीत राहतो. एके दिवशी एसी गार होत नाही, वायू पुन्हा भरला तरी आठवड्यात निघून जातो, आणि शेवटी कंडेन्सर बदलावा लागतो. बंपर उतरवून हा कचरा मृगाआधी एकदा व दसऱ्याच्या सुमारास एकदा काढून घेतला तर थोडक्या मजुरीत भागते. पाण्याचा जोराचा फवारा मात्र जवळून मारू देऊ नये. पत्र्याच्या पाकळ्या वाकतात.

रस्त्यांविषयी काय सांगावे! रस्ते परिषदेच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद, गोलाईचा असावयास हवा, आणि तसा असेल तर जमिनीपासून दहा-अकरा सेंटिमीटर उचललेली ही गाडीही तो सावकाश ओलांडते. परंतु गल्लीच्या तोंडाशी रातोरात घातलेला डांबराचा उंचवटा कोणत्याही नियमाला बांधील नसतो. गाडी तिरकी घालून एकेक चाक चढवावे. पुढचा भाग सुमारे चार सेंटिमीटर उचलणारी लिफ्टची सोय ज्या गाडीत आहे ती घेताना त्या सोयीचे जादा पैसे द्यावयास मी कचरणार नाही. खालची प्लास्टिकची आवरणे व पुढची ओठाची पट्टी दर वर्षी बदलण्यापेक्षा ते किफायतीचे. खड्ड्यांमुळे सस्पेन्शनचे बुश व हात आपल्याकडे युरोपपेक्षा लौकर जातात, तेव्हा वर्षातून एकदा अलाइनमेंट करून तिचा छापील तक्ता जपून ठेवावा. टायरांची आतील कड त्यावर अवलंबून असते.

बॅटरीसाठी एक छोटा चार्जर, जो कायम जोडून ठेवता येतो, तो प्रथम दिवशीच घ्यावा. काही पिढ्यांत बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि डिकीचे कुलूप विजेवर उघडते. बॅटरी पूर्ण उतरली की ते उघडत नाही, व मालक झाकणाशी झटत बसतो. त्यावर तोड म्हणून ९९७ पिढीत पायाजवळच्या फ्यूजच्या पेटीत बाहेर ओढावयाचे एक लाल टोक दिले आहे. ते कुठे आहे हे उजेडात पाहून ठेवावे.

आता काम कोणाकडून करवावे हा प्रश्न. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर अधिकृत केंद्रावाचून दुसरा विचार करू नये. मुदत संपली असेल तर एखाद्या जाणत्या खाजगी गॅरेजाकडे वळण्यात काही गैर नाही, मात्र त्याच्याकडे कंपनीचे पिविस किंवा त्या तोडीचे निदानयंत्र आहे काय, गाडी उचलण्याच्या नेमून दिलेल्या जागा त्याला ठाऊक आहेत काय, आणि त्याने या जातीच्या गाड्या पूर्वी हाताळल्या आहेत काय, एवढे पाहावे. इंजिनाच्या तळाला जॅक लावणाऱ्याकडे गाडी एकदाही देऊ नये. सुट्या भागांत एक कायदेशीर बचत उपलब्ध आहे: मोटार कंपन्या सगळे भाग स्वतः बनवीत नाहीत, बॉश, माहले, झाक्स अशा कारखानदारांचे फिल्टर, कॉइली, क्लच प्लेट त्यांच्या स्वतःच्या खोक्यात पुष्कळ कमी भावाला मिळतात. ‘डिट्टो कंपनीसारखा’ म्हणून विकला जाणारा निनावी माल निराळा. तो ब्रेकला व सस्पेन्शनला कधीही लावू नये.

कोणाकडूनही काम करवा, पण गाडीचे दप्तर ठेवा. तारीख, किलोमीटर, केलेले काम, घातलेल्या भागाचा क्रमांक, पावती. सगळे एका फायलीत, क्रमवार. हे दप्तर विक्रीच्या वेळी हुंडीसारखे वटते, आणि दप्तर नसलेली गाडी कितीही चकचकीत असली तरी जाणता गिऱ्हाईक तिचा भाव पाडतोच.

अन्य गाड्यांविषयी थोडक्यात. इटालियन गाड्यांचा दबदबा काही अंशी खरा आहे: १९९४ ते १९९९ च्या काळातील फेरारी एफ३५५ चे टायमिंग बेल्ट बदलावयाचे म्हणजे अख्खे इंजिनच खाली उतरवावे लागते, आणि ते काम गाडी धावो न धावो, काही वर्षांच्या मुदतीने करावेच लागते. ९११ मध्ये बेल्टाऐवजी साखळी असल्याने ही आपत्ती नाही. नव्या फेरारीबरोबर मात्र कंपनी सात वर्षांची नियमित देखभाल स्वतःच्या खर्चाने करते, आणि ती सवलत पुढील मालकाकडेही जाते. तेव्हा अशी गाडी घेताना सातांपैकी किती वर्षे शिल्लक आहेत हे विचारावे. ज्याला केवळ दोन आसनांची व उघड्या छपराची हौस आहे, त्याने साध्या मोटारीचे इंजिन बसवलेल्या गाडीचा विचार करावा. आपल्या गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही अशीच होती, रेनोच्या छोट्या इंजिनावर धावणारी. तिची यांत्रिक बाजू साधी, परंतु इतक्या थोड्या निघालेल्या गाडीची काच किंवा दिवा आज शोधणे हे संशोधकाचे काम आहे.

या सर्वांचे अंदाजपत्रक कसे बांधावे? माझा ठोकताळा असा की नव्या गाडीच्या आजच्या किमतीच्या दीड टक्का रक्कम दर वर्षी देखभालीच्या खात्यात बाजूला टाकावी, गाडी त्या वर्षी गॅरेजात गेली असो वा नसो. २ कोटींच्या गाडीला ही रक्कम ३ लाख होते, म्हणजे दरमहा २५ हजार. पहिल्या वर्षी यातील निम्मीही लागणार नाही; पण एखाद्या वर्षी मागचे टायर, प्लग, ब्रेक ऑईल व पॅड ही कलमे हातात हात घालून येतात, आणि तेव्हा खात्यात शिल्लक असेल तर बिल निमूटपणे अदा होते. ज्याच्याजवळ अशी बेगमी नसते तो मालक त्या वर्षी ब्रेक ऑईल पुढे ढकलतो, पुढल्या वर्षी प्लग ढकलतो, आणि तिसऱ्या वर्षी ‘अल्प वापर’ अशी जाहिरात देऊन गाडी विकावयास काढतो. बाजारातील मोहक भावाच्या गाड्यांचा उगम बहुशः हाच असतो. विमा, पेट्रोल व पार्किंग यांचा हिशेब याहून वेगळा धरावा. विम्याबाबत एवढेच, की नेहमीच्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक, टायर व बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापतात, आणि या गाड्यांचे बंपर व आवरणे प्लास्टिकचीच; म्हणून शून्य घसाऱ्याची व इंजिनात पाणी शिरण्याची अशी दोन्ही कलमे जोडून घ्यावीत.

दरमहा २५ हजार हा आकडा वाचून ज्याच्या कपाळाला आठी पडली असेल, त्याने ही गाडी घेऊ नये, मग तिचा भाव कितीही उतरलेला असो.

ज्यांच्या कपाळाला आठी पडली नाही त्यांना शेवटची सूचना. सौदा ठरवण्यापूर्वी, विक्रेत्याशी काही संबंध नसलेल्या गॅरेजात गाडी लिफ्टवर चढवून, निदानयंत्र लावून तिची तपासणी करवावी, व तिचे पैसे आपण द्यावेत. इंजिनाच्या संगणकात इंजिन एकूण किती तास चालले याची नोंद असते. मीटरवरच्या किलोमीटरांना त्या तासांनी भागावे. मीटर २० हजार दाखवीत असेल आणि तास २ हजार निघाले, तर ताशी १० किलोमीटर ही सरासरी झाली. म्हणजे एक तर ती गाडी जन्मभर सायन-पनवेलच्या कोंडीत उभी होती, नाही तर मीटर मागे फिरवले आहे. मर्यादेपलीकडे इंजिन किती वेळा फिरवले गेले तेही त्याच ठिकाणी लिहिलेले असते. विक्रेता या तपासणीला राजी नसेल, ‘आज संध्याकाळी दुसरे गिऱ्हाईक येणार आहे’ अशी घाई लावीत असेल, तर बयाणा देऊ नये. त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला ती गाडी खुशाल घेऊ द्यावी.